शेरू बदला घेत नाही, ताई

पत्र परभणीच्या एका ताईंचं आहे, लांबलचक आहे म्हणून थोडक्यात सांगते. मुलगा दहावी झाला आणि जूनमध्ये लातूरला अकरावीला गेला, नीटचे क्लास, होस्टेल, फोन फक्त रविवारी. घरी शेरू, चार वर्षांचा गावठी, मुलानेच पिल्लू असताना पिशवीत घालून आणलेला आणि रोज संध्याकाळी सहाला तोच त्याला फिरवून आणायचा. मुलगा गेल्यापासून शेरू चपला फाडायलाय, पहिली गेली ती मुलाचीच जुनी जोडी, मग वडिलांची. दोन वेळा मुलाच्या पलंगावर मुतला. संध्याकाळी गेटपाशी बसून राहतो, जेवण अर्धं टाकतो. घरात तीन मतं आहेत. मिस्टर म्हणतात हा बदला घ्यायलाय, मुद्दाम करायलाय, "तोंड बघ त्याचं, चूक केलेली बरोबर कळते", आणि चप्पल उचलतात. सासूबाई म्हणतात मुकं जनावर रडायलंय, डोळ्यातून पाणी गळतं, पोराला बोलावून घ्या. शेजारचे रिटायर्ड सर म्हणतात कुत्र्याला कसल्या आल्यात भावना, भाकरी टाकली की संपलं. वरून रविवारी मुलगा व्हिडिओ कॉल करतो तर शेरू फोनकडे बघतसुद्धा नाही आणि पोरगं तिकडं तोंड पाडून म्हणतं, विसरला मला. ताई विचारतात, कुत्र्याला खरंच आपल्यासारखंच वाटतं का, आणि हा बदला घेत असेल का?

ताई, नमस्कार. आधी दाजींच्या हातातली चप्पल खाली ठेवायला लावा, आजच, बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल. तुमच्या घरातल्या तिन्ही मतांत सगळ्यात जास्त नुकसान त्यांच्या मताने व्हायलंय, आणि गंमत बघा, दाजींना वाटतंय आपण कडक आहोत, व्यवहारी आहोत, पण कुत्र्याला सगळ्यात जास्त माणूस त्यांनीच करून ठेवलंय, सासूबाईंनी पण एवढा केला नाही. बदला घ्यायचा म्हणजे डोक्यात काय काय जुळवावं लागतं, पोरगा गेला, त्याला कुणी पाठवलं, ज्याने पाठवलं त्याचा जीव कशात आहे, चपलेत आहे, मग ती दुपारी फाडून ठेवली म्हणजे संध्याकाळी तो आला की बरोबर जळेल. आणि हे सगळं कुणी करायचं तर ज्याला पोरगा लातूरला गेलाय का मागच्या गल्लीत गेलाय हे पण माहिती नाही त्याने. एवढं डोकं असतं तर शेरूलाच नीटला बसवलं असतं की आपण. शिवाय पहिली चप्पल पोराचीच फाटली हे तुम्हीच लिहिलंय, मग काय त्याचा पण बदला घेतला का?

राहिलं ते तोंड. कान मागे, शेपूट पायात, नजर चोरायची, जिभेने नाक चाटायचं, पुढचा एक पाय उचलून धरायचा, कुत्रं पाळलेल्या प्रत्येक घराने हे बघितलेलं असतं आणि प्रत्येक घर म्हणतं की बघा, लाजला. अलेक्झांड्रा होरोविट्झ म्हणून अमेरिकेतल्या संशोधक आहेत, त्यांनी २००९ मध्ये १४ पाळीव कुत्री घेऊन हेच तपासलं. मालकाने खाऊ समोर ठेवायचा, खायचा नाही म्हणून दम द्यायचा आणि खोलीबाहेर जायचं. मागे काय झालं ते त्याला दिसत नव्हतं, परत आला की सांगितलं जायचं की खाल्लं बरं का, किंवा नाही खाल्लं, आणि हे सांगणं मुद्दाम कधी खरं तर कधी खोटं ठेवलेलं. शेवटी निघालं काय, तर ते अपराधी तोंड कुत्र्याने खाऊ खाल्ला का नाही त्याच्यावर ठरतच नव्हतं, मालक रागावला का नाही त्याच्यावर ठरत होतं. ज्यांनी खाऊला तोंड पण लावलं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांचं तोंड सगळ्यात जास्त पडलेलं दिसलं.

म्हणजे दाजींना जी कबुली वाटते ती भीती आहे, मारू नको एवढाच तिचा अर्थ. चप्पल दुपारी तीनला फाटली, दाजी सातला आले, आणि कुत्र्याला शिक्षेचा संबंध लागायचा तर ती जागच्या जागी, एक-दोन सेकंदात व्हावी लागते, चार तासांनी पडलेल्या माराचा अर्थ शेरू एकच लावतो, हा माणूस गेटमधून आत आला की मार पडतो. मग दुसऱ्या दिवशी गाडीचा आवाज आला की तो आधीच अंग चोरतो आणि दाजी म्हणतात, बघा, मी काही बोलायच्या आधीच कळलं त्याला! यातून पुढं काय होतं तर गुरगुरलं की मार पडतो हे शिकलेलं कुत्रं गुरगुरणंच सोडून देतं आणि डायरेक्ट चावतं. "काही नव्हतं हो, अचानक चावला" असं ज्या घरांतून ऐकू येतं तिथं बरेचदा अचानक काही नसतं. तुमच्या पत्रात गुरगुरण्याचा विषय नाही, म्हणजे अजून वेळ हातात आहे.

आता शेजारच्या सरांकडे वळू. त्यांचं म्हणणं जुनंच आहे, सतराव्या शतकात देकार्त या फ्रेंच विचारवंताने जनावरं म्हणजे नुसती यंत्रं असं मांडलं आणि शिकलेली माणसं लई वर्षं तेच धरून बसली. डार्विनने १८७२ मध्ये माणसांच्या आणि जनावरांच्या भावना अंगावर-तोंडावर कशा उमटतात यावर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात कुत्री पानोपानी आहेत. आपल्याकडं याला पुस्तक लागलं नाही, जोडीतला एक बैल बाजारात विकला की मागे राहिलेला वैरणीला तोंड लावत नाही हे ज्याच्या दावणीला बैल होते त्या कुणालाही विचारा. आणि नामदेव महाराज, त्यांचं गाव नर्सी आपल्याला काय लांब नाही, कुत्र्याने पोळी पळवली तर तुपाची वाटी घेऊन मागे पळाले, कोरडी खाऊ नको म्हणत. मला या गोष्टीत आवडतं ते वेगळंच आहे, त्यांना कुत्र्यात देव दिसला पण दिलं काय, तर तूप. जे कुत्र्याला लागतं ते दिलं, हळदकुंकू वाहत नाही बसले.

सरांना शास्त्रच पाहिजे असेल तर ते पण आहे. भीती, राग, आनंद, माया यांचा कारभार मेंदूच्या आतल्या जुन्या भागांतून चालतो आणि ते भाग कुत्र्यात अन् आपल्यात बरेच सारखे आहेत, रसायनं पण तीच, डोपामीन, ऑक्सिटोसिन, टेन्शन आलं की वाढणारं कॉर्टिसॉल. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांनी कुत्र्यांना भूल न देता, न बांधता एमआरआयच्या मशीनमध्ये गप पडून राहायला शिकवलं (आपली माणसं त्या मशीनच्या आवाजाने घाबरून बाहेर येतात), आणि मग त्यांना पाच वास दिले, स्वतःचा, घरातल्या माणसाचा, परक्या माणसाचा, ओळखीच्या कुत्र्याचा आणि परक्या कुत्र्याचा. काहीतरी चांगलं मिळणार असं वाटलं की मेंदूतला जो भाग जागा होतो, तो सगळ्यात जास्त जागा झाला घरातल्या माणसाच्या वासाला, तिथं खाऊ नसताना. जपानच्या अझाबू विद्यापीठाने २०१५ मध्ये दाखवलं की कुत्रं आणि मालक एकमेकांच्या डोळ्यात बघत राहिले की दोघांच्याही अंगात ऑक्सिटोसिन वाढतं, आई आणि तान्ह्या बाळात वाढतं तेच, आणि माणसाने हातावर वाढवलेल्या लांडग्यांत हे दिसलं नाही. आणि भाकरीचंच बोलायचं तर कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रा यांची टीम आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम करते, विलायती नाही, गावठीच. २०१७ मध्ये त्यांचा अभ्यास आला, काही कुत्र्यांना जास्तीचं खायला दिलं आणि काहींच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला, तर अनोळखी माणसावर भरवसा बसायला हात फिरवणं जास्त उपयोगी पडलं. उकिरड्यावर पोट भरणाऱ्या कुत्र्यांचं हे आहे, सरांना चहाला बोलवून सांगा.

मग आपल्यासारखंच वाटतं का, हा तुमचा खरा प्रश्न. वाटतं, पण आपल्यासारखं नाही, आणि हे मी टाळायला म्हणत नाही. भीती, आनंद, ओढ, माणूस दिसेना म्हणून होणारी तगमग, हे शेरूला आहे, याच्यात मला शंका नाही. मत्सराचं थोडं वादात आहे, २०१४ मध्ये अमेरिकेत ३६ कुत्र्यांसमोर मालकांनी भुंकणाऱ्या खोट्या कुत्र्याचे लाड केले तर बऱ्याच कुत्र्यांनी मध्ये तोंड घातलं, ढकललं, पण त्याला मत्सर म्हणायचं का नुसतं आपलं माणूस राखणं म्हणायचं यावर भांडण चालूच आहे. पण अपराधीपणा, लाज, सूड, उपकाराची जाण, हे जे आपण त्याच्यावर लादतो त्याला स्वतःकडे बाहेरून बघता यावं लागतं, मी काय केलं, लोक मला काय म्हणतील, आणि कुत्रं असं करतं याचा धड पुरावा नाही. दोन-अडीच वर्षांच्या लेकराएवढी समज असते असं लोक सांगतात, मला ते अर्धंच पटतं, कारण लेकरू पुढच्या वर्षी मोठं होतं आणि कुठल्याच लेकराला शेरूसारखं नाक नसतं.

फरक कुठं आहे ते सांगते. पोरगा गेला तर तुमच्या मनात त्याची पूर्ण कहाणी तयार आहे, दोन वर्षं लातूर, मग नीट, मग कुठलं तरी मेडिकल कॉलेज, मग हा घरी पाहुण्यासारखाच येणार. शेरूकडे यातलं काही नाही. त्याच्याकडे एवढंच आहे की सहा वाजले आणि दोरी खुंटीवरून निघाली नाही. आता लोक म्हणतात बरंय मग, कमी समजतं म्हणजे कमी दुखतं. मला उलटं वाटतं. तुम्हाला माहितीय की दिवाळीला येणारे, रविवारी फोन येणारे, चांगल्यासाठीच गेलाय. तुमच्याकडे धीर धरायला कारण आहे, शेरूकडे ते कारण नाही, त्याला कुणी समजावून सांगू शकत नाही, सांगितलं तरी पोचणार नाही. म्हणून त्याचं दुःख लहान आहे असं मी म्हणणार नाही, त्याला फक्त मागची-पुढची बाजू नाही. आणि म्हणूनच त्याचा उपाय पण समजावण्यात नाही, सहा वाजता दोरी खुंटीवरून निघण्यात आहे. त्याच्याकडे येते मी, आधी सासूबाई.

सासूबाईंचं मन खरं आहे पण डोळ्यातलं पाणी दुःखाचं नाही. कुत्री दुःखाने अश्रू गाळत नाहीत. जपानी संशोधकांनी २०२२ मध्ये मोजलं तर मालक काही तासांनी घरी परत आला की कुत्र्याच्या डोळ्यातला ओलावा थोडा वाढतो, पण तो भेटीचा, आणि गालावरून ओघळण्याइतका नाही. शेरूच्या डोळ्यातून पाणी गळत असेल आणि जेवण पण अर्धं टाकत असेल तर मला आधी गोचीड आठवतो. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, मानेखाली बघा. गोचीड तापात कुत्रं सुस्त होतं, खाणं सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडायला लागतात, डोळ्यानाकातून पाणी येतं, आणि घरातले म्हणत बसतात बिचारा आठवण काढायलाय. पलंगावर मुतण्याचं पण तसंच, लघवीचं इन्फेक्शन असू शकतं, किंवा नर आहे आणि नसबंदी झालेली नाही तर खुणा करत असेल. परभणीतच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या दवाखान्यात नेऊन रक्त-लघवी तपासा, रेबीजची लस कधी दिलीय ते पण बघून घ्या. आठवणीवर औषध नाही पण तापावर आहे. पोराला बोलावून घेऊ नका, चार दिवसांसाठी येऊन परत गेला तर शेरूला तीच तगमग पुन्हा पहिल्यापासून.

रिपोर्ट चांगले आले तर मग पलंग आणि चपला समजायला सोपं आहे. घरात पोराचा वास सगळ्यात जास्त कुठं राहिला असेल? पलंगावर आणि चपलेत. एकटं पडलेलं, बेचैन झालेलं कुत्रं ओळखीच्या वासापाशी जातं, चावतं, कधी तिथंच मुततं. दाजींची चप्पल पण घरच्याच माणसाची, म्हणून ती.

पोराला रविवारी सांगा की शेरू विसरलेला नाही. फोनमधून वास येत नाही, आणि शेरूसाठी माणूस म्हणजे आधी वास, मग आवाज, मग चेहरा. वास नाही, अंग नाही, नुसतं एक चपटं हलणारं चित्र, त्याला तो पोरगा धरतच नसेल. काही कुत्री फोनवरच्या आवाजाला कान टवकारतात, काही नाही, त्याच्यावरून माया मोजू नका. कुत्री किती दिवस झाले ते मोजत नाहीत पण वेळ गेलेला त्यांना जाणवतो, स्वीडनमध्ये २०११ मध्ये कुत्र्यांना अर्धा तास आणि दोन तास एकटं ठेवून बघितलं तर दोन तासांनंतरचं स्वागत जास्त जोरात होतं. पोराला म्हणावं दिवाळीला गेटमधून आत येताना बॅग खाली ठेव आणि मगच पुढं हो, नाहीतर बॅगेसकट आडवा होशील.

आता करायचं काय. सहाची फेरी चालू करा, त्याच वेळेला, त्याच रस्त्याने, आणि ती दाजींनी करायची, तुम्ही नाही, तुमच्या डोक्याला आधीच काय कमी आहे. दुपारी एकटा असतो तेव्हा चपला कपाटात, पोराची खोली बंद, आणि चावायला जाड दोराच्या गाठी मारून द्या, शिजवलेली हाडं नकोत, त्यांचे तुकडे टोचतात. पलंगावर फिनाइल ओतू नका, साबणाच्या पाण्याने धुवा, मग पाण्यात थोडं व्हिनेगर टाकून पुसा, मुताचा वास राहिला तर तो पुन्हा तिथंच जाणार. पोराचा एक न धुतलेला टीशर्ट लातूरहून मागवा, कुणी ना कुणी येत-जात असतंच, आणि शेरूच्या पोत्यावर टाका. फाडलेलं सापडलं तर गप उचलून टाकायचं, भाषण नाही. दिवाळीत फटाके वाजायला लागले की आतल्या खोलीत पंखा, टीव्ही लावून ठेवा, आपल्याला जो आवाज मोठा वाटतो तो त्याला त्याच्याहून मोठा वाटतो, आणि घाबरून जवळ आला तर जवळ घ्या, लाडाने भीती वाढते हे खोटं आहे.

अजून एक. स्वीडनमधलाच २०१९ चा अभ्यास आहे, ५८ कुत्र्यांचे आणि त्यांच्या मालकांचे केस तपासले, केसांत कॉर्टिसॉल साठतं म्हणून, तर मालकाचं वाढलेलं असेल तर कुत्र्याचं पण वाढलेलं. जून महिन्यापासून तुमच्या घरात कुणाकुणाचं वाढलंय ते मी सांगायला नको. तुम्ही पत्रात तीन माणसांचं आणि एका कुत्र्याचं सगळं लिहिलंय, स्वतःचं एक ओळ नाही, मी पण विचारत नाही.

दाजींना हे वाचायला द्या, पटलं नाही तर मला शिव्या घालू द्या, शेरूला नकोत. आणि एक सांगून ठेवते, सुरुवातीला तो त्यांच्याबरोबर निघायला कां-कूं करेल, दोरी हातात दिसली की अंग चोरेल, भिंतीला चिकटेल, तो हात आत्तापर्यंत चपलेचा होता ना. तेव्हा ओढायचं नाही, आवाज चढवायचा नाही, दोरी खाली ठेवून पायरीवर बसायचं, खिशात चार शेंगदाणे नाहीतर भाकरीचा तुकडा ठेवायचा. उठून तो स्वतः येईल, दोन दिवस लागतील नाहीतर दहा. त्याच्यावरून परत "बघा, याला सगळं कळतंय" सुरू झालं तर मात्र मला कळवा, मीच दाजींना फोन लावते.